चक्रातलं सहावं घर

लुएलाने उजव्या मनगटाला पट्टीचा तिसरा वेढा दिला, टोक दातात धरलं आणि डाव्या हाताने गाठ ओढली. पिकअपच्या आरशात हात वर करून पाहिला. दुखऱ्या हातासारखा दिसत होता.

"फार घट्ट नको बांधूस," रस्त्यावरची नजर न काढता तिचा नवरा ऑर्विल म्हणाला. "बोटं काळी पडतील."

"बरं."

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते. लुएलाने यंदा साखर सोडली होती. पहाटेची जपमाळ, शुक्रवारी मांस नाही, शनिवारी चारला चर्चमध्ये पापनिवेदन. हे सगळं वर्षानुवर्षं चाललं होतं. खोटं सोडायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, कारण तिने ते कधी धरलंच नव्हतं. ते आता, बहात्तराव्या वर्षी, तिच्या मनगटाला बांधलेलं होतं.

फेब्रुवारीत चांदमारीच्या मैदानावर ऑर्विलच्या पंचेचाळीस मापाच्या रिव्हॉल्व्हरने पाचवा बार काढला आणि धक्क्यासरशी ते त्याच्या हातातून सुटून बर्फात पडलं. चाळीस वर्षं मेंढरांची लोकर कातरून त्याची बोटं वाकली होती, सुन्न झाली होती. त्या मैदानावर माणसं एकमेकांच्या टोपीपासून पोटापर्यंत सगळ्याला हसत. त्या दिवशी कोणी हसलं नाही, आणि तेच वाईट झालं. घरी येऊन ऑर्विलने रिव्हॉल्व्हरसकट कमरेचा पट्टा शेडमधल्या खिळ्याला टांगला. स्प्रिंग ढिली झालीय, म्हणाला. पुढचे चार शनिवार तो खिडकीशी बसून चांगला चालणारा टोस्टर दुरुस्त करत होता.

मग एकदा भांडी पुसताना लुएला म्हणाली होती, "माझं मनगट दुखतंय रे. पंचेचाळीसचा धक्का सोसवत नाही. माझ्यासाठी एखादं लहान बघशील? मला एकटीला काय कळतंय त्यातलं."

त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला होता.

मैदानावर त्यांचा जुना मित्र डेल्बर्टने आपल्या पिकअपचं मागचं फळकूट पाडून त्यावर जुनं घोंगडं पसरलं होतं. घोंगड्यावर विकायला आणलेली तीन मापांची तीन रिव्हॉल्व्हर, शेजारी काडतुसांचे तीन डबे. वारा सुटला होता. समोर नेमबाजीसाठी साखळ्यांना टांगलेल्या नांगराच्या लोखंडी तव्या आपल्याआपणच कुरकुरत होत्या.

"आलास का म्हाताऱ्या! मला वाटलं, टोस्टरशी लग्न लावलंस."

"तो तुझ्यापेक्षा कमी बोलतो," ऑर्विल म्हणाला. "लूसाठी बघायचंय. तिचं मनगट धरलंय."

"अरेरे!" डेल्बर्टने लुएलाने आणलेल्या डब्यातला दालचिनीचा रोल उचलून अर्धा तोंडात घातला. "काय मऊ झालेत! लुएला, दोन डझन एकटीने मळलेस?"

"हो," लुएला म्हणाली.

डेल्बर्ट चावायचा थांबला. त्याची नजर पट्टीवर गेली, तिथून डब्यावर, तिथून दूर डोंगरावर. लुएलाचे कान तापले. ऑर्विल अडतिसाची नळी डोळ्याशी धरून आत काही कचरा आहे का ते पाहत होता. त्याने ऐकलं नसावं.

"पहिलं हे घे," ऑर्विलने अडतीस भरायला घेतलं. तो नेहमीसारखा पुटपुटत होता, "एक भर. एक सोड. चार भर." मग घोडा पूर्ण ओढून अंगठ्याने हलकेच खाली सोडला. घोड्याखाली रिकामं घर आलं. सहा घरांच्या चक्रात पाचच काडतुसं. धक्का लागून चुकून बार उडू नये म्हणून वडिलांनी त्याला असंच शिकवलं होतं, आणि त्याने तिला. तो भरताना तीही ओठांत मोजायची, माळेचे मणी मोजावेत तशी.

"घोड्याखालच्या रिकाम्या घरात जुनी माणसं नोट गुंडाळून ठेवायची म्हणे," डेल्बर्ट म्हणाला. "वाटेत मेलोच तर पुरायचा खर्च."

"थाप आहे," ऑर्विल म्हणाला.

"थाप तर थाप. चांगली आहे ना?"

लुएलाने अडतीस झाडलं. डाव्या अंगठ्याने घोडा ओढायचा असं तिने घरूनच ठरवलं होतं. दोन बार ते लक्षात राहिलं. दुसऱ्या बाराला तवी खणाणली, तिला बरं वाटलं, आणि पुढचे तिन्ही तिने सवयीने उजव्याच अंगठ्याने सटासट काढले. मग आठवण झाली तसं ती "आई गं" म्हणाली.

"जरा उशिरा लागलं," डेल्बर्ट आभाळाकडे बघत म्हणाला.

"बघू, कितपत धक्का देतंय," म्हणत ऑर्विलने ते पुन्हा भरून हातात घेतलं. पहिल्याच बाराला त्याचा खांदा मागे गेला. दुसरा त्याने काढला नाही. "लूला जड पडेल," म्हणाला आणि घोंगड्यावर ठेवलं.

मग बावीस. "उंदीर मारायची बंदूक!" असं ऑर्विलच या मापाला आयुष्यभर म्हणत आला होता. आता त्याने डबा उघडला आणि पहिलं काडतूस उचललं. ते निसटलं. दुसरं घराच्या तोंडाशी दोनदा आपटून मातीत पडलं. तिसऱ्याला त्याची बोटं नुसतीच भोवती फिरत राहिली. लुएलाने वाकून पडलेली दोन्ही वेचली, एप्रनला पुसली आणि त्याच्यापुढे तळहात धरला.

"मुंगीची अंडी आहेत नुसती," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

डेल्बर्ट थर्मासचं झाकण घट्ट करत होता. ते आधीच घट्ट होतं.

"त्या मधल्याने काय पाप केलंय?" तो म्हणाला.

बत्तीस. काडतूस जेमतेम करंगळीच्या निम्म्याएवढं जाड, पण धरता येण्याजोगं. "एक भर. एक सोड." बोटं थांबत, चाचपत गेली, पण एकही पडलं नाही. ऑर्विल रेषेवर उभा राहिला. घोडा ओढला, चाप दाबला. तवी खणाणली. परत. परत. चौथी. पाचवी जरा कडेला लागली आणि बराच वेळ गरगरत राहिली. तो ती थांबेपर्यंत बघत होता. लुएलाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पाठीकडे पाहिलं. पाठ सरळ झाली होती.

"हे बरं आहे," तो वळून म्हणाला. "तुझ्यासाठी."

"बावीस आणखी हलकं आहे पण," लुएला म्हणाली. सोंग आणलं होतं तर शेवटपर्यंत निभवायला हवं होतं.

"बावीसची घरं फार अरुंद. त्यात काही मावत नाही."

"काय मावायचंय?" डेल्बर्टने विचारलं.

"रोल संपव तुझा," ऑर्विल म्हणाला.

घरी बटाट्याचं सूप पिऊन तो नवं रिव्हॉल्व्हर घेऊन शेडमध्ये गेला. अर्ध्या तासाने परतला, ते वर्तमानपत्रावर तिच्यापुढे ठेवलं आणि गाडीची काच पुसायला बाहेर गेला. साफ करायचं काम लुएलाचं. बारीक ब्रश त्याच्या बोटांत राहत नसे.

तिने हाताची पट्टी सोडली. घरात कोणी बघत नव्हतं. पट्टीची गुंडाळी करून बाजूला ठेवली. घड्याळात साडेतीन झाले होते. फादरसमोर काय बोलायचं ते ती सकाळपासून मनात जुळवत होती: मी नवऱ्याशी खोटं बोलले; पण पश्चात्ताप होत नाही. पश्चात्तापाशिवाय माफी नसते, म्हणून दुसऱ्या वाक्यापुढे तिला जाता येत नव्हतं.

चक्राच्या मधली आस काढून तिने ते हातात घेतलं आणि खिडकीकडे धरलं. पाच घरांतून उजेड आरपार आला. सहाव्यातून आला नाही.

काडतूस राहिलं की काय? मग तिने नीट पाहिलं, केसातला आकडा काढला आणि आत घातला. गुंडाळलेला कागद बाहेर आला. चर्चच्या पत्रकाची फाडलेली कड होती, त्यावर ऑर्विलचं वेडंवाकडं पेन्सिलीचं अक्षर.

"लू, दुखऱ्या मनगटाने दोन डझन रोल मळून होत नाहीत. मला भांड्यांच्या दिवशीच कळलं होतं, तरी गप्प राहिलो. तेव्हा फादरना सगळं पाप एकटीचं म्हणून सांगू नकोस. निम्मं माझं."

तिने ते दोनदा वाचलं. पाच घरांतून ब्रश फिरवला, तेलाचं फडकं फिरवलं. चिठ्ठी होती तशी गुंडाळून सहाव्या घरात परत सरकवली, चक्र बसवलं, आस लावली.

ऑर्विल दारात आला. पंचवीस वर्षं तो तिला शनिवारी चर्चला सोडत होता आणि ती बाहेर येईपर्यंत पिकअपमध्ये हवामानाचा रेडिओ ऐकत बसत होता.

"जायचं ना चारला?"

"जायचं." तिने डोक्याला रुमाल बांधला. "आज तू गाडीत बसायचं नाहीस. आत चल."

"मी कशाला?"

"निम्मं कोणाचं आहे?"

तो तिच्या उघड्या मनगटाकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली, नळाखाली हात ओला केला आणि उरलेल्या केसांवरून फिरवू लागला.