आत्या माळावर होती

दातांच्या कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेला शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असायची. नखांत बसलेलं प्लास्टर खरवडत ती घरी आली, तर नवरा भर उन्हाळ्यात खिडक्या लावत सुटला होता. गॅलरीतले ओले कपडेही त्याने आत आणून खुर्चीवर टाकले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने कपड्यांच्या दोरीला कधी हात लावला नव्हता.

"आज सूर्य कुठून उगवलाय?" तिने विचारलं.

"धुराचा वास बसेल त्यांना," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"कसला धूर?"

तिने काचेतून बाहेर पाहिलं. त्यांची इमारत शहराची शेवटची. मागे कुंपणाची भिंत, आणि भिंतीपलीकडे नजर पोचेल तिथवर वाळलेलं गवत. तो माळ सरकारने राखून ठेवलेला होता. तिथे घर नाही, वाट नाही, दिवा नाही. वसाहतीला तिथून रस्ता हवा होता आणि रस्त्याच्या आसऱ्याने आणखी इमारती. नवरा वसाहतीच्या समितीचा चिटणीस, त्यामुळे घरात दुसरा विषय नसायचा. माळावर राखण्याजोगं काही उरलंय का, ते पाहायला सोमवारी अधिकारी येणार होते.

"तुम्ही लोक गवत पेटवताय?"

"मी नाही. अध्यक्षांनी माणसं लावलीत. अगं, गवत ते, पुन्हा उगवेल. चिटपाखरू नाही तिथे. कुणाचं काय जाणार आहे?"

"आत्या कुठेय?"

आत्या त्याची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं.

"झोपलीय. दार लोटलंय बघ."

तिने दार ढकललं. पलंगावरची चादर नीट घातलेली. उशाशी कानाचं यंत्र काढून ठेवलेलं. कोपऱ्यातले बूट नव्हते. माणसांच्या कलकलाटाला कंटाळली की आत्या यंत्र काढायची आणि भिंतीच्या भगदाडातून माळावर जाऊन बसायची. हे दोघींतलं गुपित होतं. नवऱ्याला सांगितलं असतं, तर त्याने त्याच दिवशी भगदाड बुजवलं असतं.

"ती माळावर आहे," ती म्हणाली.

नवऱ्याने अध्यक्षांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मग फोन हातात तसाच धरून तो अनवाणी जिना उतरायला लागला. "मी त्यांना थांबवतो! तू आत्याला बघ!"

ती भगदाडातून आत शिरली तेव्हा गवत तिच्या छातीला लागत होतं. चार पावलं गेल्यावर मागे वळून पाहिलं, तर भिंत दिसेना. रोज खिडकीतून सपाट दिसणारा माळ आत खाचखळग्यांचा होता. पाय मुरगळत होता, दिशा कळत नव्हती. हाक मारून उपयोग नव्हता, तरी ती "आत्या! आत्या!" ओरडत होती. आपलाच आवाज ऐकला की तिला आणखी भीती वाटत होती. मग डावीकडून तडतड ऐकू आली, तेलात काही टाकावं तशी. आणि गवत हललं. एक ससा तिच्या पायांवरूनच गेला. त्याच्यामागे आणखी दोन. सगळे एकाच दिशेला धावत होते. तिला दुसरं काही सुचेना. ती त्यांच्या मागे धावली. धुराने डोळे चुरचुरत होते. पाठीला धग लागायला लागली, तेव्हा तिची पाचावर धारण बसली. आपण इथेच पडणार आणि सोमवारी अधिकाऱ्यांनाच सापडणार, असा एक वेडा विचार तिच्या मनात आला.

एकदम पायाखाली चिखल लागला. समोर उथळ तळं होतं, आटत आलेलं. मधोमध गुडघाभर पाण्यात आत्या उभी होती, पदर तोंडावर दाबून. काठाशी ससे होते, एक लांबलचक साप होता, आणि हाताच्या अंतरावर एक कोल्हीण पिल्लाला तोंडात धरून थरथरत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

तिने आत्याला घट्ट धरून खाली बसवलं. आग तळ्याच्या दोन्ही बाजूंनी गेली. श्वास घ्यायला हवा उरली नाही. आत्याची बोटं तिच्या दंडात रुतली होती. डोकं पाण्यात बुडवायचं, वर काढायचं, पुन्हा बुडवायचं. असं किती वेळ चाललं, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

अग्निशमनवाल्यांनी त्यांना बाहेर आणलं. भिंतीपाशी नवरा बसला होता. फांदीने आग झोडपताना त्याचे दोन्ही हात भाजले होते. आत्याला पाहून तो लहान मुलासारखा रडला.

अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याने विचारलं, "आग लागली कशी?"

अध्यक्ष पुढे आले. "साहेब, या आत्याबाई आत जाऊन बसतात म्हणे. वय झालंय. केला असेल काहीतरी जाळ."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मग ती म्हणाली, "आग यांनी लावली. माणसं लावून. माझ्या नवऱ्याला माहीत होतं."

वसाहतीतली सगळी माणसं तिथे उभी होती. कुणीच तिच्या बाजूने पुढे आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणताना जिन्यात अध्यक्ष भेटले. त्यांनी वाट अडवली नाही, उलट भिंतीला लागून उभे राहिले. "वहिनी, तुमचा एकटीचा शब्द आहे," ते अगदी आपुलकीने म्हणाले. "आत्याबाईंना जपा हं. जिने वाईट असतात."

ती घरात आली, कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"आत्याला घेऊन मी माझ्या ताईकडे जाते," ती नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर तू चल, आत्ता, चौकीवर. आणि तुझ्या तोंडाने सांग."

"मला आत टाकतील ग."

"टाकतीलही."

मग त्याने पायांनीच बूट पुढे ओढले. पट्ट्या बांधलेल्या हातांनी नाड्या बांधता येईनात. ती खाली बसली, तिने त्या बांधल्या. आत्याला मधे घेऊन तिघं बाहेर पडली. प्रत्येक मजल्यावर कुणाचं ना कुणाचं दार किलकिलं होत होतं आणि मिटत होतं. तिने एका हाताने आत्याचा हात धरला, दुसऱ्याने कठडा, आणि एकेक पायरी बघत ती उतरायला लागली.