बेडकाचं काळीज

आषाढ अर्धा सरला तरी मलकापुरावर ढग फिरकला नव्हता, आणि दोष आला शाळेवर. तिथं मास्तर बेडकं फाडतात, मग पाऊस येईल कसा, असं पेठेत जो तो बोलू लागला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या बोर्डानं अभ्यासात बेडूक लावला होता, हे कोण ऐकून घेणार?

वच्छलाला तर हे घरीच ऐकावं लागे. तिचे वडील भगवंतराव शाळेच्या कमिटीवर होते. मॅट्रिकच्या वर्गात ती एकटीच मुलगी, आणि त्या बुधवारचा बेडूक तिनंच मळ्यातल्या विहिरीतून धरून आणला होता.

शेषराव मास्तरांनी क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक मेणाच्या तबकात उताणा टाचला, छाती उघडली, तोच भगवंतराव दोन माणसं घेऊन दारात उभे.

"मास्तर, बंद करा हे. कमिटीचा हुकूम आहे."

मास्तरांना नोकरी टिकवायची होती. त्यांनी चिमटा खाली ठेवला. वच्छलानं तो उचलला.

"वच्छले, ठेव ते!"

"नाही ठेवत, बाबा." ती तबकावर वाकली. "आता सोडला तं याचा जीव फुकट जाईन."

"पाऊस अडून राह्यला अन् तुले..."

"परवा धोंडी काढली तुमी. पाणी मागाले जित्या बेडकाले मुसळाले उलटं बांधलं, गावभर फिरवलं. उन्हात वाळून मेला तो. तवा नाही अडला पाऊस? मी याले गुंगी देऊन कापते तं अडते?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"इकडं या. पाहा तं खरं."

तिनं चिमट्यानं पातळ पडदा बाजूला केला. बोराएवढं काळीज. वरचे दोन कप्पे आकसले की खालचा एकटा फुगत होता. भगवंतराव नको नको म्हणत वाकले.

"धडकून राह्यलं अजून," ते पुटपुटले. मग एकदम ताठ झाले. "उद्यापासून तुही शाळा बंद."

दुसऱ्या दिवशी वच्छलानं भाकर खाल्ली, पुस्तकं घेतली. भगवंतराव ओट्यावर बसले होते.

"मी शाळेत जाऊन राह्यली, बाबा."

त्यांनी वाटेतले पाय आखडून घेतले. ती गेली.

बेडूक फाडण्यावरची बंदी पुढं वर्षभर राहिली. पण त्या गुरुवारी मास्तरांनी खडू तिच्या हाती दिला. "काल पाह्यलं ते काढ." तिनं फळा भरून काळीज काढलं. घंटा झाल्यावर मॉनिटर फळा पुसायला आला, तर डस्टर तिनं मांडीवर घेऊन ठेवलं होतं.