माझ्या पोटात एक मुलगा झोपला आहे

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. पाण्याची नव्हे बरं का! माझ्या पोटात द्रव नायट्रोजन असतो, इतका गार की त्याच्यापुढे बर्फसुद्धा उबदार वाटेल. मी प्रयोगशाळेत जिन्याखाली उभी असते. झाकण उघडलं की पांढरी वाफ बाहेर लोळते, म्हणून सगळे मला भूतटाकी म्हणतात.

नवी होते तेव्हा माझे काय लाड! पुढे पत्र्याला पोचे आले आणि नायट्रोजन भरायला लोक विसरू लागले.

माझ्या तळाशी छोट्या कुप्यांमध्ये एका मुलाच्या त्वचेच्या पेशी आहेत. चालता चालता पडणारा तो मुलगा एक दिवस उठलाच नाही. तो गेला, पण पेशी मेल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. खोली रिकामी झाली की मला वाटतं, आतून कोणीतरी विचारतंय, सकाळ झाली का?

तो होता तेव्हाच डॉक्टरांनी या आजाराशी संबंधित त्याचा जनुक अक्षर न् अक्षर वाचून पाहिला होता. एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. दोष नाही म्हणून त्यांनी त्याच्या आईला परत पाठवलं. घरच्यांनी मग तिच्याच सांभाळण्यावर खापर फोडलं.

मला भंगारात काढायचं ठरलं, जुन्या कुप्यांसकट. त्याच आठवड्यात ती आई आपल्या धाकट्या मुलीला कडेवर घेऊन आली. आता धाकटीही पडू लागली होती.

"माझ्या मुलाचं काही उरलंय का हो इथे?" तिने संशोधक ताईंना विचारलं.

ताई तडक माझ्याकडे आल्या, आणि माझं भंगारात जाणं टळलं.

कोमट पाण्यात पेशी जाग्या झाल्या. या वेळी ताईंनी मोजलं, त्या जनुकावरून प्रथिन किती बनतंय. जेमतेम चिमूटभर! दिवा धड होता, मित्रांनो, बिघाड बटणात होता. जनुकाच्या अलीकडे, जिथून त्याचं काम सुरू होतं, तिथलं एक अक्षर बदललेलं होतं. तिथे कोणी पाहिलंच नव्हतं. धाकटीतही नेमकं तेच निघालं.

ते प्रथिन आता तिला सुईतून मिळतं. ती धावते. परवा झाकण उघडं असताना वाफेकडे बघून म्हणाली, "आई, दादा श्वास घेतोय."

आईने तिचा हात घट्ट धरला. "घेऊ दे गं."

उरलेल्या कुप्यांतून अजून तो प्रश्न येतो. मी काय सांगू? झाली रे सकाळ, पण तुझ्या बहिणीची.

मित्रांनो, मला भरायला विसरू नका. आणि झाकण हळू लावा.