पूर्ण नाव लिही

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पोलंडमधल्या लुब्लिन शहरात, एका कपाटात, लोकरी मोज्यांच्या शेजारी राहतो. पण एके काळी माझा भलताच तोरा होता!

बोग्ना रुसिएत्स्का तेव्हा एका साप्ताहिकात नवखी बातमीदार होती. पहिल्या पगारात तिने मला घेतलं. खाणकामगार, सुइणी, रेल्वेचे फाटकवाले, सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत आम्ही बसलो. त्यांच्या बिटाच्या सूपचे भुरकेसुद्धा मी टिपले. बोग्नाची पुस्तकं हातोहात खपू लागली. लोक तिला नावाजत आणि मी मनात म्हणे, अहो, ऐकून कोणी ठेवलं तेही विचारा!

सातवं पुस्तक एका बंद पडलेल्या काचकारखान्याचं होतं. तिथे काम केलेल्या गेनोवेफा आजींनी माझ्यासमोर हळूच कबूल केलं, की भट्टीचं दार त्यांच्याच हातून उघडं राहिलं होतं. गार वारा लागून कुणाच्या तरी लग्नासाठी बनवलेले चारशे प्याले तडकले आणि नोकरी गेली त्यांच्यासोबत काम करणाऱ्या झेनेकची. चाळीस वर्षं गावाने त्यालाच निष्काळजी म्हटलं.

आमच्याकडे रीत आहे. बोलणाऱ्याने मागितलं, तर छापण्याआधी त्याचे शब्द त्याला दाखवायचे. आजींनी मागितले, म्हणून बोग्नाने कागद नेले, सोबत मलाही. वाचता वाचता आजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी असलं काही बोललेच नाही!"

मला असा राग आला! शब्द न् शब्द माझ्या पोटात होता. बोग्नाचं बोट माझ्या बटणावर आलं. त्या कबुलीवाचून पुस्तकात राम उरणार नव्हता. तरी तिने बोट मागे घेतलं आणि त्या ओळी खोडल्या.

"टेप आहे ना तुझ्याकडे? मग लाव की!" आजी फणकारल्या.

"तुम्हाला खोटं पाडायला नाही आणली ती, आजी. शब्द तुमचे आहेत. छापायचे की नाही, तुम्हीच सांगा."

आजी खोडलेल्या ओळींकडे बघत राहिल्या. मग त्यांना रडू फुटलं. "अजून दर रविवारी तो झेनेक टोपी काढून नमस्कार करतो गं मला, मेला! लाव ती टेप. ऐकू दे मला."

मी त्यांच्याच आवाजात बोललो. इतका जपून मी कधी बोललो नव्हतो.

आजींनी नाक पुसलं, खोडलेल्या ओळी परत घालायला सांगितल्या आणि कागदावर सही केली. "आणि नुसतं झेनेक नको. झेनोन पाव्लिक, असं पूर्ण नाव लिही. बदनाम पूर्ण नावाने झालाय बिचारा."

पुस्तक आलं, तेव्हा गावच्या वाचनालयात झेनेकने स्वतः ते पान मोठ्याने वाचलं. आजी पहिल्याच रांगेत बसल्या होत्या.

मित्रांनो, आता माझी चाकं अडखळतात. घरात जुन्या कॅसेटी असतील तर फेकू नका, कधीतरी ऐका. आणि कुणाचा आवाज तुमच्या हाती आला, तर तो त्याच्यावरच उगारू नका.