गुंडीशेजारी क्लच कव्हर

एकोडीच्या सत्यभामाबाईंच्या तोंडून ‘हो’ काढता काढता भल्याभल्यांच्या नाकी नऊ आले होते. बरं, बाई ‘नाही’ तरी म्हणतील? तेही नाही. त्या ‘पाहू’ म्हणत. एकदा पाहू म्हटलं की विषय भिजत पडला म्हणून समजा.

त्यांची सून रुपा सध्या अशाच एका ‘पाहू’त अडकली होती. सानगडीच्या शिवणकेंद्रात तिला काम मिळालं होतं. दिवाळी झाली की रुजू व्हायचं. पण जायचं कसं? एसटी दुपारी यायची आणि परत जायची ती तिच्या मर्जीनं. घरात गाडी होती, सासरे भय्याजींची जुनी मोटारसायकल. ते गेल्यापासून ती गोठ्यात उभी होती. रुपाला गाडी उत्तम चालवता यायची. माहेरी भावाची गाडी तिनं गावभर पळवली होती. अडलं होतं ते सासूपाशी. सत्यभामाबाई त्या गाडीवर आयुष्यभर मागंच बसल्या होत्या, आणि भय्याजींच्या गाडीला त्यांच्यानंतर कुणी किल्ली लावली नव्हती.

नवरा वीरेंद्र नागपूरला कारखान्यात. त्याला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, “आईले विचार. थे हो म्हणन तं माहं काही म्हणणं नाही.” शहाणा माणूस! आईच्या गळ्यात घंटा बांधायला बायकोला पुढं करून मोकळा झाला.

रुपानं विचारलं. सासू म्हणाली, “पाहू.”

मग रुपानं एक केलं. होकाराची वाट न पाहता ती गाडीच्या मागं लागली. गाडी चालू स्थितीत दारात उभी राहिली, तर सासूला काहीतरी बोलावंच लागेल, असा तिचा हिशोब. परसराम मिस्त्री आला, बॅटरी, प्लग बघून गेला. इंजिन धडधाकट होतं, पण दोन्ही बाजूंची कव्हरं पार खराब झाली होती. भय्याजींनी गाडीवरून युरियाची पोती वाहिली आणि गाडी ठेवलीही पोत्यांशेजारीच. ॲल्युमिनियमवर चुन्यासारखा पांढरा थर चढला होता. रंग पोपडे धरून लोंबत होता. परसरामनं ऑइल काढलं, कव्हरं खोलून दिली, इंजिनच्या उघड्या तोंडाला प्लास्टिक बांधलं.

“पॉलिश पेपरनं चांगलं घासजा बाई, मंग रंग मारजा,” तो म्हणाला. “पॅकिंग नवं टाकून मी बसवून देतो.”

रुपानं घासलं, पण तिला घाई होती. साकोलीहून काळ्या रंगाचा स्प्रे आणला आणि मारला. सकाळी बघते तर रंगाला फोड. पुन्हा घासलं, पुन्हा मारला. या वेळी नखानं टोकरला तर सालासारखा निघाला. सत्यभामाबाई ओसरीवर बसून तांदूळ निवडत सगळं बघत होत्या. रुपाला वाटायचं, बाई, निदान हसा तरी!

तिसरा हात तिनं दिवाळीच्या तोंडावर दिला. तो बरा दिसला. कव्हरं अंगणात उन्हाला ठेवून ती धान कापायला शेतावर गेली. दुपारी परत आली, तर कव्हरं जागेवर नव्हती.

मागच्या अंगणात सत्यभामाबाई पदर खोचून बसल्या होत्या. दिवाळीची भांडी घासणं चालू होतं. चिंच, मीठ, राख आणि नारळाची शेंडी. पाण्याची पितळी गुंडी, भाताचा गंज, तांबे, परात, देवाची समई असं सगळं उन्हात ओळीनं पालथं घातलेलं. आणि त्या ओळीत, गुंडीच्या शेजारी, गाडीचं क्लच कव्हर. रंगाचा मागमूस नाही. दुसरं कव्हर बाईंच्या मांडीवर होतं आणि त्याचा काळा रंग चिंचेच्या कोळात वाहून चालला होता.

इतके दिवस तोंडानं सांगता येत नव्हतं, ते हातानं सांगितलं म्हणायचं! रुपाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही तेवढाच आला.

“आई, रंग काहून काढला तुम्ही? नाही म्हणाचं होतं तं नाही म्हणा ना! मी सानगडीले जात नाही.”

सत्यभामाबाईंनी मान वर केली नाही. “मी कायले काढू? चिंच लावली, तं तोच निघाला. खालचा मळ तसाच होता, त्याच्यावर कायचा रंग बसते?” त्यांनी कव्हरावर पाणी ओतलं. धातू लख्ख पांढरा दिसला. “आता मार. पण काळा नोको. ह्यायच्या गाडीले चांदीसारखा होता.”

रुपानं ओळीतलं कव्हर उचलून उलटसुलट पाहिलं.

“उभी काहून राहिली वो? तिकडून बादली दे.”

“पण आई, तुम्ही हे भांड्यायसंग कायले घासले?”

“मंग? दिवारीले घासतोच ना आपण.” बाईंनी शेंडीनं कव्हराची कड घासली. “जे वापराचं असते थे घासाचं. जे वापराचं नाही, थे माळ्यावर राहते. त्याले मी हात नाही लावत.”

रुपानं बादली आणली. घाईत अर्धं पाणी वाटेतच सांडलं. मग ती सासूच्या शेजारी बसली आणि दोघींनी मिळून राहिलेली भांडी विसळली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीरेंद्रचा फोन आला. दोन्ही कव्हरांवर साकोलीहून आणलेल्या चांदीच्या रंगाचा हात बसला होता आणि या खेपेला फोड नव्हता.

“विचारलं का आईले पुन्हा?”

“विचारलं.”

“काय म्हणे?”

“काहीच नाही म्हणाल्या. गाडीचे कव्हर घासून देले त्यायनं. दिवारीच्या भांड्यायसंग.”

वीरेंद्र त्याच घरात वाढला होता. माळ्यावरचं काय खाली येतं आणि काय येत नाही, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं.

“बापा!” तो म्हणाला. “मंग कामावर कधीपासून जातं?”