अंजिराच्या पानाला औषध

अंजिराची दोन पानं शिवून शिंपी पक्ष्याच्या जोडीनं घरामागच्या सांदवाडीत घरटं करायला घेतलं, त्याला तेवीस दिवस झाले होते. माया रोज सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर बसायची आणि दिवस मोजायची. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आधी चार दिवस नुसतं शिवणकाम. मग तीन अंडी. आणि तीन दिवसांपूर्वी तीन पिल्लं, अंगावर पिसाचा पत्ता नाही, डोळे मिटलेले. समोरच्या कागदी लिंबावर फुलपाखराच्या अळ्या होत्या; मादी त्यातल्या कोवळ्या तेवढ्या उचलून न्यायची.

पानं शिवायला कापूस घरचाच होता. हिवरखेडहून भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, दिलेली गादी माया उन्हात टाकायची. तिच्या उसवलेल्या कोपऱ्यातून मादी एकेक तंतू ओढून न्यायची. माया महिनाभर तो कोपरा शिवतच नव्हती.

त्या दिवशी बारावीच्या परीक्षेची सुपरव्हिजन करून ती तीनला अकोल्यातल्या घरी आली, तर दारातच उग्र वास आला. ती तशीच मागे गेली.

भासरे, जानराव, नळाखाली नवाकोरा फवारणी पंप धूत होते. तो आणि औषधाची बाटली घ्यायलाच ते काल गावाहून आले होते.

"आली काय माया? पंप चालवून त पाहाव म्हटलं. पाह्यतो त तुह्या अंजिरावर पान गुंडायनारी अयी! धाग्यानं पान कसं गच्च आवयलं होतं. देलं औषध मारून. लिंबावरबी अया होत्या, तिथंबी मारलं. आठ दिसानं बाळापूरले येनं हाये, तवा इकडे येऊन दुसरा हात मारून देतो."

माया झाडांकडे गेली. लिंबाखाली अळ्या पडून वळवळत होत्या. पक्ष्यांच्या पाण्याच्या वाटीत एक मधमाशी पाठीवर गरगर फिरत होती. तिनं खिडकीतला छोटा आरसा घेतला आणि अंजिराच्या शिवलेल्या पानांवर तिरका धरला.

दोन चोची उघडल्या. तिसरी मान खालीच राहिली. तिनं गवताच्या काडीनं हळूच हलवून पाहिलं. मान लुळी होती.

चौदा वर्षांत तिनं भासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. फक्त तिच्या तोंडातली वऱ्हाडी गेली. स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला तिचा नवरा स्वप्निल तेवढ्यानंच सावध झाला. माया पुस्तकातलं बोलायला लागली की राग डोक्यात गेला, हे त्याला ठाऊक होतं.

"दादा, याला औषध म्हणू नका. बाटलीवर काय लिहिलं आहे ते वाचा."

"माह्या डोयाले आता कुठी दिसते..."

"लाल त्रिकोणाजवळ आहे. मोठ्या अक्षरात."

जानरावांनी बाटली लांब धरली. "विष," त्यांनी वाचलं, आणि हसले. "अवं, सारेच औषध म्हंतात. दुकानदारबी औषधच म्हंते."

"म्हणूनच तुम्ही तोंडाला रुमालसुद्धा बांधला नाही. आणि ती अळी नव्हती. ते घरटं आहे. पक्ष्यानं पान शिवलं आहे, तुमच्याच शेतातल्या कापसानं. तीन पिल्लं होती. एक मेलं."

"पाखरू शिवते?" जानराव अंजिराजवळ गेले. शिवणीतून बाहेर आलेला कापसाचा पुंजका त्यांनी वाकून पाहिला, चिमटीत मात्र धरला नाही.

"जाऊ दे ना माया," स्वप्निल म्हणाला. "दादानं तुह्यासाठीच केलं. येवढ्याशा पाखराचं काय घेऊन बसली?"

"एवढंसंच होतं. म्हणून थेंबभर पुरलं. आता त्याची आई याच अळ्या उरलेल्या दोघांना भरवेल. बादल्या आणा. लिंब धुवा, अंजिराला हात लावू नका. अळ्या मी वेचते."

दोघे भाऊ बादल्या आणायला लागले. मायानं चिमट्यानं वर्तमानपत्रावर एकेक अळी वेचली, पालापाचोळा उलटून पाहिला, वाटी घासली. भिंतीवर मादी शेपटी उभारून केव्हाची ओरडत होती. मायानं दोघांना घरात घेतलं आणि दार लोटलं. शेजारच्या आवारातून आणलेलं काहीतरी चोचीत धरून मादी पानात शिरली, तेव्हा कुठे मायानं खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

संध्याकाळी जानराव बसला निघाले. पंप पाठीला लावताना त्यांचा हात नळीच्या टोकाशी थांबला.

"नोझल कुठी गेलं?"

"माझ्या पर्समध्ये आहे."

"अवं, मंग हा पंप काय डोक्शावर घेऊन नाचू?"

स्वप्निलला हसू आलं, पण मायाकडे बघून त्यानं ते गिळलं.

"पिल्लं उडाली की घेऊन जा. अजून अकरा दिवस," ती म्हणाली.

"आन् माह्या भुईमुंगावर अयी आली त?"

"तर फोन करा. मी हिवरखेडला येते. अळी आहे की घरटं, ते आधी बघू. मग नोझल देते."