पाच जणांसाठी एक खूण

शिरीष करंदीकरांनी सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं तेव्हा पुण्यातले भाऊ रागावले. शिरीष एवढंच म्हणाले, "जिथे राहतो तिथलं सरकार निवडायला नको?"

२०११ मध्ये त्यांनी तिथे पहिल्यांदा मत दिलं. त्या संध्याकाळी बिशानच्या फ्लॅटवर आलेल्या मित्रांना ते हौसेने समजावत होते, "काही मतदारसंघांत एकच उमेदवार असतो. आपल्याकडे पाच जणांची टीम. खूण एकच करायची. आले तर पाचही येतात, पडले तर पाचही."

पुढे दोनेक वर्षांत त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नेहमीचा रस्ता, मग मित्रांची नावं.

२०१५ ची निवडणूक आली. मुलगी वल्लरी म्हणाली, "आई, don't take him lah. बाबांना कळणार नाही."

"या मतासाठी त्यांनी पासपोर्ट सोडला," नीलिमा म्हणाली. "मी नेणार."

शाळेतल्या मतदान केंद्रावर दोघांना मतपत्रिका मिळाल्या. नीलिमाने आपली खूण केली, घडी घालून पेटीत टाकली आणि वळून पाहिलं. शिरीष अजून आडोशापाशीच उभे होते. कागदावरच्या फोटोंवरून एकेक करत त्यांचं बोट फिरत होतं.

"नीलिमा," त्यांनी मोठ्याने हाक मारली, "अगं, यात तू कुठेयस?"

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. नीलिमा पुढे सरकली, तशी तिथली अधिकारी मुलगी आडवी आली. "सॉरी आंटी, तुम्हाला तिथे जाता येणार नाही." मग ती स्वतःच शिरीषजवळ गेली. "अंकल, एक टीम निवडा. घाई नाही."

शिरीषनी मान हलवली. पेन खाली ठेवलं, कागदाची नीट घडी घातली आणि पेटीत टाकली.

बाहेर आल्यावर नीलिमाने विचारलं, "अहो, केली का खूण?"

"नाही. ओळखीचं कुणीच नव्हतं त्यात," ते म्हणाले. "तू असतीस तर तुलाच दिलं असतं."

तिने त्यांचा हात घट्ट धरला. बसस्टॉपवर बाकावर बसल्यावर मात्र तिला रडू आवरेना. शिरीष गोंधळून तिच्याकडे पाहत राहिले. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी तिच्यापुढे धरला आणि, एखाद्या परक्या बाईशी बोलावं तसं, हळूच विचारलं,

"तुमचं कुणी हरवलंय का?"